प्राग शहरांत बावीस मुलांसमवेत

वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, निवृत्त होऊन सहा वर्षें लोटल्यावर, मला पुन्हां एकदां मुलांची हजेरी घ्यावी लागेल, आणि तीही चेक प्रजासत्ताकाच्या राजधानींत, असें कोणी सांगितलें असतें तर मीं तें हसण्यावारी नेलें असतें. परंतु योग आला खरा. ज्या शाळेंत मीं तेहतीस वर्षें संस्कृत व मराठी शिकविलें, त्या शाळेनें सन २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुटींत नववीच्या बावीस मुलामुलींची युरोपची सहल काढली. व्हिएन्ना आणि प्राग अशीं दोन शहरें ठरलीं होतीं. बरोबर जाणाऱ्या दोन शिक्षकांपैकीं एकांच्या घरीं ऐन वेळीं आजारपण निघालें. माझा धाकटा मुलगा जर्मनींत असल्यामुळें माझें पारपत्र आणि प्रवासाचा परवाना हीं तयार होतीं. तेव्हां मुख्याध्यापकांनीं मला गळ घातली. "सर, आपण नुसतें बरोबर राहा, बाकी सर्व बाई पाहतील," असें ते म्हणाले. नुसतें बरोबर राहणें ज्यास जमतें तो मास्तर कसला?

माझें इंग्रजी शिक्षण शालान्त परीक्षेपलीकडे गेलेलें नाहीं. पुढें जें कांहीं शिकलों तें पाठशाळेंत शास्त्रीबुवांपुढें मांडी घालून. तथापि प्राग हें नांव मला परकें नव्हतें. भारतीय वाङ्मयाचा मोठा इतिहास लिहिणारे मोरिझ विंटरनिट्झ हे याच शहरांतील जर्मन विद्यापीठांत प्राध्यापक होते. महाभारताची चिकित्सक आवृत्ति निघाली पाहिजे, हा आग्रह त्यांनीं १८९७ मध्यें पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेंत धरला. आणि तें कार्य पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून अंगावर घेऊन १९६६ मध्यें तडीस नेलें. आमचे शास्त्रीबुवा त्यांचा उल्लेख 'विंतरनित्स पंडित' असा करीत. त्या पंडितांचें गांव पाहावयास मिळणार, एवढ्यावरच मीं होकार दिला. विमानतळावर मुलांना ही हकीकत मोठ्या उत्साहानें सांगितली. ती संपल्यावर एकानें विचारलें, "सर, तिथें वायफाय आहे ना?"

निघण्यापूर्वीं आठ दिवस मी मिळेल तें वाचीत होतों आणि वेळापत्रक आंखीत होतों. मूळ कार्यक्रमांत प्रागच्या तिसऱ्या दिवशीं 'ज्यू वसाहत' असें एक कलम होतें. चौकशी करतां कळलें कीं तेथें एक जुनें दफनस्थान असून शेजारच्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर मृतांचीं नांवें लिहिलेलीं आहेत. सुटींत आनंदानें निघालेल्या मुलांना स्मशानांत कशाला न्यावयाचें, असा विचार करून मीं तें कलम तांबड्या शाईनें खोडलें, आणि त्या जागीं क्लेमेंटिनम या जुन्या विद्यापीठांतील वेधशाळेचा मनोरा घातला. तेथें १७७५ पासून दररोजच्या हवामानाची नोंद अखंड ठेवलेली आहे. ती पाहून मुलांच्या मनावर नियमितपणाचें महत्त्व ठसेल, असा माझा हिशेब. बाई कांहीं बोलल्या नाहींत. वेळापत्रकाच्या बावीस प्रती निघाल्या.

व्हिएन्नाहून आगगाडीनें चार तासांत आम्ही प्रागला पोहोंचलों. व्हल्टावा नदीच्या दोन्ही तीरांवर हें शहर वसलें आहे. एका तीरावर टेकडी, तिच्यावर राजवाडा व त्याच्या आवारांत संत व्हीटसचें मंदिर. या मंदिराचा पाया १३४४ मध्यें घातला गेला आणि बांधकाम पुरें झालें १९२९ मध्यें. हें ऐकून मुलांना हसूं आलें, कारण आमच्या गांवच्या पुलाची त्यांना आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धांत युरोपांतील कित्येक नगरें धुळीस मिळालीं, परंतु प्राग पुष्कळसें बचावलें. त्यामुळें तांबड्या कौलांचीं छपरें आणि काळवंडलेले मनोरे यांचा जो देखावा टेकडीवरून दिसतो तो नवा जुळविलेला नाहीं. मुलांना मात्र राजवाड्याहून भुयारी रेल्वेचा सरकता जिना अधिक आवडला. नामेस्ती मीरू या स्थानकावरील जिना सत्त्याऐंशी मीटर लांब आहे. त्यावरून तीं तीनदां खालींवर करून आलीं. जेवणाची आबाळ फारशी झाली नाहीं. तळलेलें चीज आणि बटाटे सर्वत्र मिळत. आणि रात्रीं नऊपर्यंत उजेड असल्यामुळें संध्येची वेळ कोणती मानावी याचाच मला रोज घोळ पडे.

आतां घड्याळाकडे येतों, कारण त्यासाठींच मी मुख्यतः आलों होतों. जुन्या नगरचौकांत नगरभवनाच्या मनोऱ्यावर हें ज्योतिषघटिकायंत्र बसविलेलें आहे. काडान गांवचा मिकुलाश नांवाचा घड्याळजी आणि विद्यापीठांतील ज्योतिषी यान शिंडेल यांनीं १४१० मध्यें तें सिद्ध केलें. हानुश नांवाच्या कारागिरानें तें केलें आणि त्यानें दुसरें तसें करूं नये म्हणून नगराधिकाऱ्यांनीं त्याचे डोळे फोडले, ही जी कथा वाटाडे सांगतात ती निव्वळ दंतकथा होय. आमच्यांतील एक मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे आपल्या ताजमहालाच्या कारागिरांच्या हातांसारखीच गोष्ट!" ती गोष्ट मीं वर्गांत पुष्कळदां रंगवून सांगितलेली आहे, तेव्हां मी गप्प राहिलों.

तासाचे ठोके पडूं लागले कीं बाजूचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्या उघडून ख्रिस्ताचे शिष्य एकामागून एक दर्शन देतात, आणि शेवटीं कोंबडा आरवतो. सर्व प्रकार मिनिटाभरांत आटोपतो. शेंकडों माणसें हात उंच करून भ्रमणध्वनींत तें टिपतात आणि पांगतात. आमचीं मुलेंही पांगूं लागलीं. मीं त्यांना परत बोलाविलें, कारण खरें पाहावयाचें तें तेथून पुढें होतें.

त्या एका तबकडीवर काळाच्या चार मोजण्या आहेत. बाहेरच्या कड्यावरचे चोवीस तास सूर्यास्तापासून मोजावयाचे, आणि सूर्यास्त ऋतुमानाप्रमाणें पुढेंमागें होतो म्हणून तें कडेंही सरकतें. आपण उदयापासून घटिका मोजणारे, ते अस्तापासून तास मोजणारे. दुसरी मोजणी म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा समान भाग. अर्थात् उन्हाळ्यांतला तास लांब आणि हिवाळ्यांतला आंखूड. "राहुकाल काढतांना आपण दिनमानाचे आठ भाग करतों, तसेंच हें," असें म्हणतांच दोन मुली पुढें सरसावल्या. त्यांच्या आजी राहुकाल पाहिल्यावांचून घराबाहेर पडत नाहींत. तिसरी रोमन आंकड्यांची नेहमींची मोजणी, आणि चौथी चांदणीच्या कांट्यानें दाखविलेला नाक्षत्र काल. शिवाय राशींचें एक वर्तुळ फिरत असून त्यावर सूर्य व चंद्र आपापल्या स्थानीं असतात. तो दिवस २७ मे, ज्येष्ठ शुद्ध अष्टमी. चंद्राचा गोळा अर्धा रुपेरी व अर्धा काळा असा दिसत होता. सहाशें वर्षांपूर्वींचें यंत्र परक्या मुलखांत आपली तिथि बरोबर सांगतें, हें पाहून मला गहिंवर आला. एका चौकस मुलानें मात्र विचारलें, "सर, इथें सूर्य मिथुनेंत आहे, आणि तुमच्या पंचांगांत वृषभेंत. चूक कोणाची?" चूक कोणाचीच नाहीं, त्यांची गणना सायन, आमची निरयन, आणि दोहोंत सुमारें चोवीस अंशांचें अंतर. हें समजावून देण्यांत अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास माझ्या सबंध सहलींतील परम सुखाचा होता, हें कबूल करतों.

एक मुलगा मात्र या साऱ्या वेळांत फरसबंदीवर बसून माझ्याच वेळापत्रकाच्या कोऱ्या पाठीवर त्या सांगाड्याचें चित्र काढीत होता. मीं त्याला दटावलें. "कागद आंत ठेव आणि वर पाहा. चित्र घरीं जाऊनही काढतां येईल. हें पुन्हां दिसणार नाहीं." तो नम्रपणें म्हणाला, "सर, पाहतोच आहें." मीं पेन्सिल घेऊन खिशांत टाकली.

दुसरा दिवस माझ्या वेळापत्रकाबरहुकूम गेला. टीन मंदिरांत टायको ब्राहे या ज्योतिष्याची १६०१ ची समाधि पाहिली. त्याच्याच वेधांच्या आधारें केप्लरनें याच नगरांत राहून मंगळाच्या कक्षेचें गणित सोडविलें आणि १६०९ मध्यें प्रसिद्ध केलें. चौकांतील फरसबंदीवर सत्तावीस पांढरे क्रूस आहेत; १६२१ मध्यें बादशहाविरुद्ध उठलेल्या बोहेमियाच्या सत्तावीस पुढाऱ्यांना तेथें देहान्त शासन झालें. नंतर चार्ल्स पूल. हा बांधण्याचा मुहूर्त राजज्योतिष्यांनीं १३५७ सालच्या सातव्या महिन्यांतील नऊ तारखेस पहांटे पांच वाजून एकतीस मिनिटांचा काढला, अशी तेथें समजूत आहे. कारण ते आंकडे, १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १, असे चढून उतरतात. मुहूर्तावर हंसणारे आमचे सुधारक मित्र बरोबर असते तर बरें झालें असतें. मुलांनीं पुलावरच्या तीस पुतळ्यांबरोबर आपलीं छायाचित्रें काढून घेतलीं, आणि मीं दोनदां हजेरी घेतली.

तिसरे दिवशीं सकाळीं क्लेमेंटिनमच्या दारांत आम्हांला कळलें कीं मनोऱ्यावर एका वेळीं थोडींच माणसें जाऊं शकतात, आणि आम्हां चोवीस जणांसाठीं दुपारशिवाय जागा नाहीं. दुपारचीं तिकिटें काढलीं. आतां सकाळ कशी काढावी? तेव्हां ताजमहालाची आठवण करून देणारी ती मुलगी पुढें झाली. तिनें ॲन फ्रँकची दैनंदिनी वाचली होती. "सर, तुम्हीं खोडलेलें ठिकाण इथून पांच मिनिटांवर आहे," ती म्हणाली. मीं खोडलेलें तिनें वाचलें होतें! बाईंनीं माझ्याकडे पाहिलें. मी निरुपायानें निघालों.

पिंकास प्रार्थनामंदिरांत पुरुषांनीं मस्तक झांकून जावें असा शिष्टाचार आहे. मुलांना कागदी टोप्या मिळाल्या. माझी काळी टोपी डोक्यावर होतीच. आंत आसनें नाहींत, मूर्ति नाहीं, चित्र नाहीं. जमिनीपासून वरपर्यंत भिंतींवर केवळ हातानें लिहिलेलीं नांवें. बोहेमिया व मोराव्हिया या प्रांतांतील जे ज्यू नाझींनीं मारले त्यांचीं हीं नांवें, गांववार आणि आडनांववार, सुमारें अठ्ठ्याहत्तर हजार. नांवापुढें जन्मतारीख आणि नंतर ती व्यक्ति हयात असल्याची शेवटची ठाऊक असलेली तारीख. हीं नांवें प्रथम गेल्या शतकाच्या सहाव्या दशकांत दोन चित्रकारांनीं लिहिलीं. १९६८ मध्यें भुईंतील ओलीमुळें इमारत बंद झाली, अक्षरें गेलीं. आणि १९९० नंतरच्या काळांत तीं सर्व पुन्हां लिहून काढलीं. अठ्ठ्याहत्तर हजार नांवें दुसऱ्यांदा लिहावयाचीं म्हणजे काय, हें ज्यानें शाळेची हजेरीपटें लिहिलीं आहेत त्यास थोडेंसें कळेल.

मुलें आरंभीं कुजबुजत होतीं. मग एका मुलीनें बोट न टेकवितां एका ओळीवर नजर धरून वजाबाकी केली. "एकतीस सालचा जन्म, चव्वेचाळीस. तेरा वर्षें." दुसरीनें दुसरी ओळ धरली. "तीस ते चव्वेचाळीस. चौदा, सर." आमचीं बहुतेक मुलें चौदा वर्षांचींच. थोड्या वेळानें वजाबाकीचा आवाजही थांबला.

मी आडनांवें वाचीत होतों, आणि एकाएकीं माझ्या ध्यानीं आलें कीं ज्यांच्या नांवाचा मी विमानतळापासून घोष करीत होतों ते विंटरनिट्झ पंडितही जन्मानें ज्यूच होते. ते १९३७ मध्यें या शहरांत वारले. जर्मन सैन्य प्रागेंत शिरलें तें १९३९ च्या मार्चमध्यें. दोन वर्षांचें अंतर. महाभारताच्या पाठभेदांविषयीं मी या माणसाचें ऋण चाळीस वर्षें मानीत आलों, आणि त्याच्या ज्ञातीचें पुढें काय झालें हा विचार मला एकदांही शिवला नव्हता. इतकेंच नव्हे, तर ती भिंत मीं स्वतःच्या हातानें खोडली होती. तें आडनांव भिंतीवर शोधावें असें मनांत आलें. शोधलें नाहीं.

वरच्या मजल्यावर मुलांनीं काढलेलीं चित्रें आहेत. प्रागच्या उत्तरेस सुमारें साठ किलोमीटरांवर टेरेझिन नांवाचा जुना किल्ला आहे. १९४१ च्या अखेरीपासून नाझींनीं तेथें ज्यूंना कोंडून ठेवलें आणि तेथून त्यांच्या गाड्या पूर्वेकडील मृत्युछावण्यांकडे धाडल्या. तेथें मुलांना शाळा शिकविण्यास बंदी होती; मात्र चित्रें काढण्यास मुभा होती. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नांवाची व्हिएन्नाची एक चित्रकर्ती, वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेंत शिकलेली, १९४२ च्या डिसेंबरांत तेथें आणली गेली. पन्नास किलो सामान नेण्याची परवानगी. तिनें त्यांत चित्रकलेचें साहित्य भरलें. मुलांच्या निवासांत ती चित्रकलेचे तास घेऊं लागली. कागद संपत, तेव्हां कचेरीच्या वापरलेल्या कागदांच्या पाठीवर मुलें चित्रें काढीत. आणि प्रत्येक चित्रावर मुलानें आपलें नांव लिहावें असा तिचा आग्रह असे. १९४४ च्या ऑक्टोबरांत तिची ऑशविट्झला रवानगी झाली व तेथें तिला मारण्यांत आलें. जाण्यापूर्वीं तिनें सुमारें साडेचार हजार चित्रें दोन पेट्यांत भरून मागें ठेविलीं. युद्ध संपल्यावर त्या पेट्या प्रागला आणल्या गेल्या. चित्रांवर सह्या करणारीं बहुतेक मुलें वांचलीं नव्हतीं. फुलें, फुलपांखरें, घर, घरांतलें टेबल आणि त्यावर वाढलेलें जेवण, असे साधेच विषय आहेत. आपल्याकडचीं मुलें काढतात तसेच.

येथें मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या शाळेंत चित्रकलेचा तास आठवड्यांतून दोनदां असे. परीक्षा जवळ आली कीं, किंवा शब्दरूपें मागें पडलीं कीं, मी तो तास मागून घेत असें. चित्रकलेचे शिक्षक भिडस्त होते. "घ्या, सर," म्हणत, रंगीत खडूंची पेटी काखेंत मारीत, आणि ग्रंथालयांत जाऊन बसत. तेहतीस वर्षांत मीं असे किती तास घेतले याची मोजदाद नाहीं. उलट, माझ्या विषयाचा निकाल उत्तम लागतो म्हणून दोनदां माझा सत्कार झाला. जेथें उद्यांचा भरंवसा नव्हता तेथें एक बाई मुलांना चित्रकलेचा तास देत होती, आणि जेथें सर्व सुरक्षित होतें तेथें मी तो काढून घेत होतों. त्या खोलींत उभें राहून यापलीकडे मला कांहीं सुचेना.

सांगाडा काढणारा तो मुलगा एका चित्रासमोर उभा होता. इतर मुलें खालीं गेलीं तरी तो हलेना. मीं खिशांतील पेन्सिल काढून त्याच्या हातीं दिली. तो म्हणाला, "सर, कागद?" माझ्याजवळ माझी वेळापत्रकाची प्रत होती, ती पालथी करून दिली. बाहेर दफनस्थानाच्या भिंतीलगत तो बसला, आणि त्याच्याजवळ आणखी सात-आठ जण बसलीं. आंत शिळा एकमेकींना टेकून उभ्या आहेत. पंधराव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंतच्या सुमारें बारा हजार, कारण जागा अपुरी म्हणून मातीचे थर चढवून एकावर एक प्रेतें पुरावीं लागलीं. बाईंनीं कुठूनशी वही मिळविली. दुपारचा मनोरा चुकला. तिकिटांचा तोटा हिशेबाच्या वहींत मीं माझ्या नांवें मांडला आहे.

शेवटच्या सकाळीं मीं वेळापत्रक काढलेंच नाहीं. कांहीं मुलें नदीवर गेलीं, कांहीं बाईंबरोबर बाजारांत. मी त्या चित्रकार मुलाबरोबर पुन्हां घड्याळापुढें जाऊन बसलों आणि आयुष्यांत प्रथमच तबकडीचें चित्र काढलें. तीन दिवसांपूर्वीं जिच्यावर मीं अर्धा तास व्याख्यान दिलें होतें, तिच्यावरील चंद्राचा कांटा कोणत्या बाजूनें वळलेला आहे हें मला काढतांना तीनदां पाहावें लागलें. मुलगा म्हणाला, "सर, खालीं नांव लिहा." मीं लिहिलें.

बाजारांत कोह-इ-नूर पेन्सिलींचें दुकान आहे. आमच्या हिऱ्याचें नांव घेतलेल्या या पेन्सिली याच देशांतील बुडेयोविट्से गांवीं होतात. मीं एक मोठी पेटी घेतली. घरीं आल्यावर चौथ्या दिवशीं ती घेऊन आमच्या निवृत्त चित्रकला-शिक्षकांकडे गेलों. ते माझ्याहून चार वर्षांनीं मोठे. हात आतां थोडे कांपतात. पेटी पुढें ठेवली. "हें काय, सर?" त्यांनीं विचारलें. "तुमचे कांहीं तास माझ्याकडे राहिले होते," मी म्हणालों. त्यांनीं पेटी उघडली, एक पेन्सिल नखावर घांसून पाहिली, आणि माझ्याजवळचा तो घड्याळाचा कागद मागितला. चष्मा चढवून बराच वेळ पाहत राहिले.

"वर्तुळ बसलें आहे," ते म्हणाले, "पण चंद्र डावीकडे कलला. बसा." आणि त्यांनीं फडताळांतून खोडरबर काढला.